थंडी, ओल आणि कोंबडी : परसातील खुराड्याची हिवाळ्यासाठी तयारी

(कुंडल, ता. पलूस, जि. सांगली येथे शेतकरी बंधु-भगिनींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



१९४३ ते १९४६ या काळात ज्या गावाने इंग्रज सरकारला न जुमानता प्रतिसरकारचा कारभार चालवला, ज्या गावाने क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्यासारखा नेता दिला, त्या कुंडलमध्ये उभे राहून मी आज कोंबडीच्या खुराड्याविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल. परंतु तो मी मुद्दाम मागून घेतला आहे, त्याचे कारण आधी सांगतो.

मी कृषिविद्येचा शिक्षक. या भागात आलो की पुढच्या रांगेतले बंधू उसाचे फुटवे, द्राक्षावरील केवडा, हरभऱ्यातील मर असे प्रश्न विचारतात. कार्यक्रम संपतो, चहा होतो आणि मग मागे बसलेली एखादी भगिनी जवळ येऊन हळूच विचारते, "साहेब, दिवाळी झाली की आमच्या कोंबड्या का वो बसत्यात?" बसणे म्हणजे अंगाचा गोळा करून, पंख सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसणे. पुढे चार दिवसांत ती कोंबडी मरते. उसाचे बिल घरधन्याच्या खात्यावर जमा होते, द्राक्षाचा व्यापारी त्याच्याशीच व्यवहार करतो. पण अंड्यांचा आणि कोंबड्यांचा पैसा घरातल्या बाईच्या हातात राहतो. मुलाची वही, औषधाची बाटली, माहेरची वाट त्यातून निघते. दहा-बारा कोंबड्यांतल्या पाच गेल्या तर वर्षाची ही सोय मोडते. म्हणून हा विषय लहान नाही.

माझी चूक

सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. आईचे खुराडे परसात भिंतीला लागून होते. खाली दगड-मातीचा कट्टा, बाजूला तुरकाठ्यांचा कूड आणि वर पत्रा. कुडाच्या फटीतून वारा शिरतो हे पाहून मी शेततळ्याचा उरलेला प्लॅस्टिक कागद काढला, खुराडे चारी बाजूंनी गुंडाळले आणि खिळे मारून टाकले. आई म्हणाली, "आरं, कोंबडी थंडीनं न्हाई मरत, वलीनं मरती. कोंडू नको तिला." मी शिकलेला. ऐकले नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी कोंबड्यांच्या डोळ्यांना पाणी येऊ लागले. रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येई. आठवड्याने पहिली कोंबडी मेली, नंतर चार तलंगा गेल्या. पशुवैद्यक आले. त्यांनी काहीही विचारण्याआधी सकाळी खुराड्याचे दार उघडले, डोके आत घातले आणि लगेच बाहेर काढले. त्यांच्याही डोळ्यांना पाणी आले होते. मला म्हणाले, "आता तुम्ही घाला डोके." मी घातले. नाक झोंबले. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते, खालची विष्ठा चिखलासारखी झाली होती. बाहेर थंडी होती, पण कोरडी हवा होती. आत ऊब होती, पण ती ओली आणि विषारी होती.

आई त्या दिवशी मला एक शब्दही बोलली नाही. तिने विळ्याने प्लॅस्टिक फाडले आणि चुलीतली राख आणून खाली पसरली. आजचे माझे सगळे व्याख्यान म्हणजे तिच्या त्या एका वाक्याचा शास्त्रीय खुलासा आहे.

थंडी कोंबडीला किती लागते?

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्यापेक्षा चार अंशांनी जास्त. मोठ्या कोंबडीला १८ ते २४ अंशांची हवा सर्वांत मानवते. आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ ते ३० अंश आणि पहाटे १२ ते १५ अंश असते. थंडीची लाट आली की पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. एवढी थंडी निरोगी, पूर्ण पिसांच्या कोंबडीला मारत नाही. हिमाचल, काश्मीरसारख्या बर्फाच्या प्रदेशातही लोक कोंबड्या पाळतात. थंडी वाजली की कोंबडी पिसे फुगवते. पिसांच्या आत कोरडी हवा अडकून राहते आणि तीच तिची गोधडी होते. मात्र ही गोधडी दोन गोष्टींनी निकामी होते. पिसे ओली झाली तर ती अंगाला चिकटतात आणि आतली हवा निघून जाते. आणि वाऱ्याचा झोत थेट अंगावर आला तर पिसे उलटतात, ऊब उडून जाते.

तेव्हा हिवाळ्यात आपले काम तीन शब्दांत सांगता येईल. ओल नको, झोत नको, कोंडमारा नको. खुराडे गरम करायचे नाही, ते कोरडे ठेवायचे आहे. पिलांची गोष्ट निराळी. त्यांना खरोखर ऊब लागते. ते पुढे सांगतो.

ओल येते कोठून?

पाऊस तर थांबलेला असतो, मग ओल कशी, असे कोणी विचारील. एक साधा हिशेब करू. मोठी कोंबडी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यातील जवळजवळ पाऊण भाग पाणी असते. हिवाळ्यात कोंबड्या संध्याकाळी सहाला आत जातात आणि सकाळी सातला बाहेर पडतात, म्हणजे तेरा तास खुराड्यात असतात. बारा कोंबड्यांची रात्रीची विष्ठा निम्मी धरली तरी ६०० ग्रॅम होते आणि त्यात सुमारे ४५० ग्रॅम पाणी असते. शिवाय प्रत्येक श्वासाबरोबर वाफ बाहेर पडते ती वेगळी. म्हणजे रोज रात्री कोणी तरी खुराड्यात तांब्याभर पाणी शिंपडून जावे तसा हा प्रकार आहे. हे पाणी बाहेर पडायला वाट नसेल तर ते गार पत्र्याला लागून थेंब बनते आणि पुन्हा कोंबडीच्याच पाठीवर पडते.

ओल्या विष्ठेत जिवाणू वाढतात आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. तुम्ही पिकाला युरिया देता, त्यातला काही अमोनिया होऊन उडून जातो, वास तोच. हा वायू डोळे आणि श्वासनलिका जाळतो. श्वासनलिकेच्या आत बारीक केसांसारखी लव असते, ती धूळ आणि जंतू बाहेर लोटत असते. अमोनियाने ती लव निकामी झाली की सर्दीचे, घरघरीचे, मानमोडीचे जंतू सरळ आत उतरतात. आपण म्हणतो, कोंबडी थंडीने गेली. प्रत्यक्षात तिच्या घराचे दार आपणच जंतूंना उघडून दिलेले असते.

खुराडे कोठे आणि कसे असावे?

द्राक्षबागायतदारांना एक गोष्ट ठाऊक आहे. थंडीच्या रात्री खोलगट भागातील बागेत गारठा जास्त असतो. गार हवा जड असते. ती डोंगरउतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि खोलात साचते. कुंडलच्या भोवती डोंगर आहेत, तेव्हा ओढ्याकाठी, पाटाच्या कडेला, मोरीच्या पाण्याजवळ खुराडे ठेवू नये. परसातली जरा उंच, पाणी निचरा होणारी, मुरमाड जागा निवडावी.

तोंड दक्षिणेकडे असावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. आपल्याकडे २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही तो क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आतच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या जाळीतून ऊन खोल आत, थेट खालच्या गादीवर पडते आणि गादी वाळते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा तेच ऊन दीड-दोन फुटांच्या वळचणीने अडते. हिवाळी वारा बहुधा ईशान्य आणि पूर्वेकडून येतो. म्हणून उत्तर आणि पूर्व बाजूंना खालपासून दोन-अडीच फुटांपर्यंत भक्कम कूड, फळी किंवा विटांची भिंत हवी. पूर्वेला उंच ऊस लागून असेल तर सकाळचे ऊन उशिरा येते, हेही पाहावे.

माप असे धरावे. रात्रीच्या मुक्कामासाठी मोठ्या कोंबडीला दीड चौरस फूट जागा पुरते. बारा कोंबड्यांना १८ चौरस फूट, म्हणजे ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद खुराडे झाले. पुढची उंची ५ फूट, मागची ४ फूट ठेवली की पाणी मागे उतरते. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच पाय दिले तर जमिनीची ओल लागत नाही, उंदीर-घुशींचा त्रास कमी होतो आणि खाली हात घालून झाडता येते.

आत बसायला दांड्या हव्यात. प्रत्येक कोंबडीला ८ इंच दांडी लागते. दांडी गोल आणि बारीक नको. दोन इंच रुंदीची, वरून सपाट आणि कडा घासलेली पट्टी घ्यावी. अशा पट्टीवर कोंबडी पाय मोडून बसते आणि तिची बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर लावाव्यात, नाही तर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडणे होतात आणि खालच्या कोंबडीवर वरच्यांची विष्ठा पडते.

खालून बंद, वरून मोकळे

हे चार शब्द आपण आज घरी घेऊन जावेत. कोंबडी जेथे बसते त्या उंचीला वारा बंद असावा. तिच्या डोक्याच्या वर, पत्र्याच्या खाली, पुढे आणि मागे चार ते सहा इंचांची लांब फट जाळी मारून कायम उघडी असावी. उबदार ओली हवा हलकी असते, ती वर चढते आणि या फटीतून निघून जाते. कोंबडीच्या अंगावर मात्र वारा येत नाही. घरात चुलीवर धुराडे असते, तसेच हे कोंबडीचे धुराडे समजा. कितीही थंडी पडली तरी ही फट बुजवायची नाही.

पुढच्या जाळीला रात्री पडदा लावावा. त्यासाठी खताची प्लॅस्टिकची गोणी नको, सुतळीचे गोणपाट घ्यावे. गोणपाट वारा अडवते आणि वाफ जाऊ देते. दोन-तीन पोती उसवून एकत्र शिवावीत, खालच्या कडेला बांबूची काठी घालावी आणि पडदा खालून वर चढेल असा बांधावा, म्हणजे वरचा सहा इंचांचा भाग आपोआप मोकळा राहतो. संध्याकाळी कोंबड्या चढल्या की पडदा लावायचा आणि सकाळी ऊन पडताच काढायचा. दिवसभर पडदा तसाच ठेवला तर गादी वाळत नाही.

पत्रा रात्री लवकर गार होतो, म्हणून त्यावर थेंब जमतात. त्यावर तीन-चार इंच जाडीचा पाचटाचा थर टाकून दोरीने आवळावा. पाचट जाळू नका, शेतातच कुजू द्या, असे आम्ही नेहमी सांगतो. तेच आजही सांगतो. खुराड्याला दोन भारे पुरतात. फक्त विजेची तार पाचटातून नेऊ नये.

आणखी एक धोक्याची सूचना. काही ठिकाणी रात्री खुराड्यात कोळशाची शेगडी किंवा धुमसते घमेले ठेवतात. बंद जागेत कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोंबड्या झोपेतच मरतात. माणसेही मरतात. मोठ्या कोंबड्यांना शेगडीची गरज नाही.

खालची गादी

गादीसाठी आपल्याकडे पुष्कळ वस्तू आहेत. भाताचे तूस, भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड आणि पाचट, ही सगळी चालतात. पाचट वापरायचे तर त्याचे एक-दोन इंचांचे तुकडे करावेत. लांब पाचट चटईसारखे दबते आणि खाली ओल धरून ठेवते. चिपाड पाणी चांगले शोषते, पण ते आधी पूर्ण वाळलेले हवे. ओलसर चिपाडाला बुरशी येते आणि ती कोंबडीच्या फुफ्फुसात जाते. लहान पिलांखाली बारीक भुसा घालू नये. पिले तो खाणे समजून खातात.

थर तीन ते चार इंच असावा. दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने खालवर करावा. परीक्षा सोपी आहे. गादीचा मूठभर भाग घेऊन मूठ आवळा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे. थोडा आकार धरून लगेच मोडला तर ठीक. अजिबात चिकटले नाही आणि धूळ उडाली तर जास्त कोरडी. तीही श्वासाला वाईट. ओल जास्त असेल तर तेवढा भाग काढून टाकावा, थोडी चुन्याची भुकटी मिसळावी आणि नवा कोरडा थर द्यावा. रक्ती हगवण हा पिलांचा आणि तलंगांचा रोग ओल्या गादीतच वाढतो, हे विसरू नये.

कृषिविद्येचा माणूस म्हणून एक लाभ सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कोंबडीखतात नत्र सुमारे ३ टक्के, स्फुरद अडीच टक्के आणि पालाश दीड टक्क्याच्या जवळपास असते. शेणखतातील नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. तेव्हा काढलेली गादी उकिरड्यावर फेकू नका. दोन-तीन महिने कुजवून परसातल्या भाजीला, आळ्यातल्या लिंबाला द्या. ताजे मात्र देऊ नका. ते मुळ्या जाळते.

फिरण्याची जागा

कोंबडीला दिवसा ऊन, माती आणि पालापाचोळा हवा. मोकळे सोडणे शक्य नसेल तर जाळीचे आवार करावे. कोंबडीमागे किमान दहा चौरस फूट जागा धरावी. जमिनीला उतार द्यावा, वरच्या अंगाला वीतभर चर काढावा आणि चिखल होत असेल तेथे मुरूम टाकावा. उत्तर-पूर्वेला तुरकाठ्यांचा कूड किंवा शेवरीची दाट ओळ लावली की वारा मोडतो. वरून द्राक्षबागेची जुनी पक्ष्यांची जाळी टाकली की घार आणि शिक्रा यांच्यापासून पिले वाचतात.

एका कोपऱ्यात दोन फूट लांब-रुंद जागेत कोरडी बारीक माती, वाळू आणि चुलीची राख मिसळून ठेवावी. कोंबड्या तेथे धूळ-आंघोळ करतात. उवा-पिसवा कमी होतात, पिसे मोकळी आणि फुगीर राहतात. हिवाळ्यात पिसे हीच गोधडी, म्हणून या आंघोळीला महत्त्व आहे. सकाळी दव असताना पिलांना बाहेर सोडू नये. दव वाळू द्यावे.

आपल्या भागात हिवाळ्याचे दोन खास धोके आहेत. पहिला म्हणजे विषाचा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्या सुरू असतात, तेव्हा कोंबड्या बागेत जाऊ देऊ नका. रब्बी पेरणीच्या वेळी औषध लावलेले गव्हाचे, हरभऱ्याचे उरलेले बी अंगणात झटकू नका. कोंबडीला दाणा कळतो, औषध कळत नाही. दुसरा धोका शिकारी प्राण्यांचा. ऊसतोड सुरू झाली की फडातले मुंगूस, रानमांजर, कोल्हे आसरा सोडून वस्तीकडे येतात. कारखान्याचा बॉयलर पेटला की खुराड्याची जाळी, कडी आणि बिजागरी तपासायची, हा नेम करा. जाळीचे भोक अर्ध्या इंचाचे असावे. मोठ्या भोकातून मुंगूस तोंड घालते.

खाद्य, पाणी आणि उजेड

रात्र मोठी आणि गार असते; अंगातली शेगडी चालू ठेवायला कोंबडीला जळण लागते. नेहमीच्या खाद्याशिवाय संध्याकाळी चढण्याच्या अर्धा तास आधी प्रत्येकीला १५ ते २० ग्रॅम भरडलेला मका, ज्वारी किंवा बाजरी द्यावी. गळ्याची पिशवी भरलेली राहिली की रात्रभर पचन चालते आणि ऊब मिळते. बारा कोंबड्यांना रोज २० ग्रॅमप्रमाणे ९० दिवसांत सुमारे २२ किलो धान्य लागेल. फार नाही. मात्र बुरशी लागलेला, काळपट मका स्वस्त म्हणून देऊ नका. त्यातले विष यकृत खराब करते. हिरवा लसूणघास, मेथीची देठे, कोबीची पाने द्यावीत. अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा.

पाणी सकाळी ताजे, विहिरीचे किंवा कोमट द्यावे. रात्रभर उघड्यावर गार झालेले पाणी कोंबडी कमी पिते आणि पाणी कमी प्यायली की खाणेही कमी होते. रात्री खुराड्यात पाण्याचे भांडे ठेवू नये. ते सांडते आणि गादी भिजते.

अंडी का कमी होतात, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे मुख्य कारण उजेड. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरअखेर आपला दिवस ११ तासांचाच असतो. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज अशा सुधारित कोंबड्या पाळल्या असतील तर पाच वॅटचा एक एलईडी दिवा पहाटे लावून उजेड वाढवावा. एकदम तीन तास वाढवू नये, आठवड्याला अर्धा तास पुरे. दिवा पहाटेच लावावा. संध्याकाळी लावला आणि एकदम वीज गेली तर दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात एकमेकींवर ढीग करतात. देशी कोंबडी या दिवसांत पिसे बदलत असेल तर तिला विश्रांती घेऊ द्या. ती विश्रांती पुढच्या अंड्यांची तयारी असते.

पिलांना मात्र ऊब हवी

हिवाळ्यात पिले आणायची असतील तर तयारी आधी, पिले नंतर. पहिल्या आठवड्यात पिलाला सुमारे ३५ अंश तापमान लागते. पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करीत जावे. खुडूक कोंबडीखाली पिले असतील तर हे काम ती करते. तिला वारा न लागणारा कोपरा आणि कोरडे डालगे द्या, बस्स.

विकत आणलेल्या पिलांसाठी दीड फूट उंचीच्या पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा गोल करावा. गोल यासाठी की कोपरा नसला म्हणजे पिले एकावर एक चढून गुदमरत नाहीत. मध्ये दिवा टांगावा. हिवाळ्यात पिलामागे दोन ते तीन वॅट धरावेत. येथे नेहमी एक फसगत होते. आता घरोघर एलईडी दिवे आहेत. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. पिलांसाठी जुना तारेचा पिवळा बल्ब किंवा ब्रूडरचा खास दिवाच घ्यावा. पिले आणण्याच्या आदल्या दिवशी दिवा लावून जागा गरम करावी.

थर्मामीटर नसला तरी पिलेच तापमान सांगतात. दिव्याखाली गर्दी करून चिवचिवाट करीत असतील तर गार आहे. दिव्यापासून लांब, पंख पसरून, चोच उघडी ठेवून असतील तर गरम आहे. सगळी एका बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. सगळीकडे पसरून खात-पीत असतील तर आपण निर्धास्त झोपावे. वीज जाण्याची शक्यता धरून गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून तयार ठेवाव्यात.

लस आणि साथ

लस ही खुराड्याइतकीच महत्त्वाची तयारी आहे. मानमोडीसाठी लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात, गंबोरोची लस चौदाव्या दिवसाच्या सुमारास, देवीची सहा ते आठ आठवड्यांत आणि मानमोडीची आर-टू-बी लस आठ ते दहा आठवड्यांत देतात. पावसाळा संपल्यावर जंताचे औषधही द्यावे. नेमके वेळापत्रक आणि मात्रा आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांची असते आणि फोडल्यावर ती दोन तासांच्या आत संपवावी लागते. एका घराला ते परवडत नाही. म्हणून आळीतल्या आठ-दहा घरांनी एक दिवस ठरवावा, कुपी बर्फात आणावी आणि संध्याकाळी सगळ्या कोंबड्या हाताशी आल्यावर टोचून घ्याव्यात.

या दिवशी ऊसतोडणीच्या टोळ्यांना विसरू नका. बीडसारख्या लांबच्या जिल्ह्यांतून आलेल्या या कुटुंबांबरोबर कधी कधी चार कोंबड्याही गाडीतून येतात. आपल्या कोंबड्या आणि त्यांच्या कोंबड्या एकाच बांधावर चरतात. रोगाला गाव-परगाव कळत नाही. त्यांच्या कोंबड्यांनाही त्याच कुपीतली लस द्या. त्यांच्या चार कोंबड्या वाचतील आणि आपल्या बारा.

आजारी कोंबडी दिसताच वेगळी करा. एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले, डोक्याला सूज आली तर वाट पाहू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला ताबडतोब कळवा. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू आढळला होता. दोन्ही वेळा दिवस हिवाळ्याचेच होते. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नका, कुत्र्यांना घालू नका, विकू तर मुळीच नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि हात साबणाने धुवा.

तयारीचा क्रम

दसरा ते दिवाळी : जुनी गादी काढून खुराडे उन्हात वाळवा, चुना लावा, जाळी व कडी तपासा. जंताचे औषध आणि राहिलेल्या लसी उरका.

दिवाळीनंतर आठ दिवस : नवी गादी, गोणपाटाचा पडदा, पत्र्यावर पाचट. वरची फट उघडी आहे का, ते पाहा.

मार्गशीर्ष ते संक्रांत : रोज संध्याकाळी मूठ-मूठ मका, सकाळी पडदा वर, दोन-तीन दिवसांनी गादी खालवर.

संक्रांतीनंतर : थंडी ओसरेल तसा पडदा कमी करा, पहाटेचा दिवा हळूहळू थांबवा.

शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर रात्री दहाच्या सुमारास दिवा न लावता खुराड्याजवळ पाच मिनिटे उभे राहा. शिंक, घरघर, खोकला ऐकू येतो का, ते पाहा. मग पहाटे दार उघडण्याआधी कोंबडीच्या उंचीला वाकून आत श्वास घ्या. नाक झोंबले, तर थंडीला दोष देऊ नका. वरची फट मोठी करा आणि गादी बदला. झोंबले नाही, तर तुमच्या घरातल्या बाईला सांगा की तिचे खुराडे उत्तम आहे. बहुतेक ते तिला आधीच ठाऊक असेल. माझ्या आईला होते.

आता प्रश्न विचारा. आणि आज पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.